हातोडा, संप आणि सही

मुलांनो, इंग्रजीत ‘लडाइट’ असा एक शब्द आहे. नवं यंत्र दिसलं की नाक मुरडणारा माणूस म्हणजे लडाइट. आजोबा म्हणाले, ‘‘ते फोनवरून पैसे पाठवणं मला नको, मी आपला बँकेत जाऊन येतो,’’ की घरातला एखादा कॉलेजात जाणारा दादा हसून म्हणतो, ‘‘आजोबा म्हणजे अगदी लडाइट!’’

आजोबांचं सोडा, ते हसून सोडून देतील. पण खऱ्या लडाइटांवर मात्र हा अन्याय आहे बरं का! कारण ते यंत्राला बिचकणारे लोक नव्हतेच मुळी. ते लहानपणापासून यंत्रावरच काम करत होते. यंत्राचा खटका न् खटका त्यांना ठाऊक होता. मग एके दिवशी त्यांनीच हातोडे उचलून यंत्रं का फोडली? आणि त्यासाठी काही जणांना फासावर का जावं लागलं?

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. ती आपल्या मुंबईतही घडली, आणि आज सिनेमाच्या दुनियेतही घडते आहे. म्हणून ती पहिल्यापासून सांगायला हवी.

शेरवुडच्या जंगलातला सेनापती

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम हे नाव रॉबिन हूडच्या गोष्टींत तुम्ही वाचलं असेल. या भागातली गावंच्या गावं मोजे विणून पोट भरायची. विणकाम चालायचं यंत्रावर. हे यंत्र विल्यम ली नावाच्या एका पाद्र्यानं १५८९ मध्ये तयार केलं होतं. म्हणजे लडाइटांच्या काळी ते सव्वादोनशे वर्षांचं जुनं झालेलं होतं! घराघरात खडखडणाऱ्या या यंत्राशी कुणाचंच भांडण नव्हतं.

पण १८११ साल उजाडलं ते वाईट. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, व्यापार बसला होता, पाव महागला होता. अशात काही मालकांनी एक युक्ती काढली. पायाच्या मापाचा मोजा विणायचाच नाही. मोठं, रुंद कापड विणायचं, ते कात्रीनं कापायचं आणि शिवून मोजे करायचे. हे मोजे स्वस्त पडत, पण लवकर उसवत. शिवाय त्यासाठी काम शिकलेला कारागीर लागत नसे. नवशिकी पोरं कमी मजुरीत मिळत. कारागिरांची मजुरी घसरत चालली.

११ मार्च १८११ च्या रात्री नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात साठाहून अधिक यंत्रं फुटली. मग हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. मालकांना धमकीची पत्रं येऊ लागली. खाली सही असे ‘नेड लड’, आणि मुक्काम शेरवुडचं जंगल! रॉबिन हूडचंच जंगल. हा नेड लड प्रत्यक्षात कुणी पाहिला नव्हता. तो बहुधा नव्हताच. पण लोक त्याला ‘सेनापती लड’ म्हणू लागले आणि त्याच्या नावानं यंत्र फोडणाऱ्यांना नाव पडलं लडाइट.

आता एक महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. नॉटिंगहॅमचे हे लोक दिसेल ते यंत्र फोडत नव्हते. जो मालक मजुरी कापत असे, तकलादू माल काढत असे, त्याचीच यंत्रं फुटत. त्याच गल्लीतल्या नीट मजुरी देणाऱ्या मालकाच्या यंत्राला हातही लावला जात नसे. म्हणजे त्यांचा राग लोखंडावर नव्हता, मालक ते यंत्र कसं वापरतो, यावर होता.

उत्तरेला यॉर्कशरमध्ये मात्र गोष्ट थोडी वेगळी होती. तिथं लोकरीच्या कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे कारागीर होते. त्यांच्या हातातली कात्री सुमारे २० किलो वजनाची! ती चालवायला ताकद लागे आणि वर्षानुवर्षांचा सराव लागे. कातरण्याचं यंत्र आलं आणि हा सारा सराव कवडीमोल झाला. गंमत अशी, की तिथली कातरयंत्रं मार्सडेन गावचा ईनॉक टेलर आणि त्याचा भाऊ बनवत, आणि लडाइटांचे मोठे हातोडेही त्यांच्याच भट्टीतले! कारागिरांनी त्या हातोड्याचं नावच ठेवलं ‘ईनॉक’.

तुम्ही म्हणाल, त्यांनी आधी सरकारकडे दाद का नाही मागितली? मागितली होती. अर्ज केले, जुन्या कायद्यांची आठवण करून दिली. पार्लमेंटनं १८०९ मध्ये ते जुने कायदेच रद्द करून टाकले. संघटना करावी, तर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनेलाच बंदी होती. बोलायचे सगळे दरवाजे बंद झाले, तेव्हा हातात हातोडा आला.

सरकारनं त्याला उत्तर दिलं ते सैन्यानं. सुमारे १२ हजार सैनिक या भागात उतरले. १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा आला. त्याला विरोध करायला २४ वर्षांचा एक तरुण उमराव उभा राहिला. उमरावांच्या सभागृहातलं ते त्याचं पहिलंच भाषण होतं. तो म्हणजे कवी लॉर्ड बायरन. पण कायदा झालाच.

लडाइटांच्या हातूनही रक्त सांडलं. एप्रिल १८१२ मध्ये त्यांनी विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाला वाटेत गाठून गोळी घातली. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क इथं १७ जणांना फाशी झाली आणि ही चळवळ विझत गेली.

कोण जिंकलं, कोण हरलं?

मग यंत्रांनी वाईटच केलं का? नाही. कापड स्वस्त झालं. ज्यांना वर्षाकाठी एक सदरा मिळणं मुश्कील होतं, त्यांना दोन मिळू लागले. नवी कारखानदारी वाढली आणि पुढं नव्या नोकऱ्याही आल्या.

पण ‘पुढं’ म्हणजे कधी? हा शब्द लिहायला सोपा आहे, जगायला अवघड. १८२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हातमागावर विणणारे दोन लाखांहून अधिक लोक होते. १८६० पर्यंत त्यांतले जेमतेम काही हजार उरले. या चाळीस वर्षांत ज्यांची मजुरी वर्षागणिक घसरली, त्यांना नातवंडांच्या काळात बरे दिवस येणार आहेत याचा काय उपयोग? आणि नव्या गिरण्यांत कामाला कोण होतं? तुमच्याएवढी, तुमच्याहून लहान मुलं! नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरणीत राबवू नये, एवढा कायदा नीट अमलात यायलासुद्धा १८३३ साल उजाडावं लागलं.

आणखी एक माणूस या गोष्टीत आहे. तो होता आपल्या देशातला विणकर. मँचेस्टरचं गिरणी कापड बोटींतून इथल्या बाजारात आलं आणि त्याच्या मागावर धूळ साठू लागली. पण ज्या यंत्रानं त्याचं काम घेतलं, ते तर सात समुद्रांपलीकडं होतं. त्याला फोडायलाही यंत्र नव्हतं आणि दाद मागायला पार्लमेंटही नव्हतं.

सहा साच्यांचं गणित

आता आपल्या मुंबईत येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी काढलेली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि लालबाग-परळचं गिरणगाव झालं. सकाळी भोंगा झाला की चाळीचाळींतून माणसांचे लोंढे निघत.

१९२०च्या दशकात जपानी कापडाची स्पर्धा वाढली. गिरणीमालकांनी ठरवलं, खर्च कमी करायचा. त्यांनी या योजनेला इंग्रजीत मोठं भारदस्त नाव दिलं होतं. मराठीत सांगायचं तर ‘कमी माणसांत जास्त काम’. कापड विणणारा कामगार दोन साचे सांभाळत असे. (साचा म्हणजे माग, हा गिरणीतला शब्द.) त्यानं आता तीन सांभाळायचे. सूत कातणारा यंत्राची एक बाजू बघत असे, त्यानं दोन्ही बाजू बघायच्या.

हे गणित तुम्हीच करून पाहा. सहा साचे आहेत. प्रत्येकाकडं दोन, तर माणसं किती? तीन. प्रत्येकाकडं तीन दिले, तर? दोन. उरलेल्या तिसऱ्यानं कुठं जायचं? शाळेत आपण भागाकार करतो, तेव्हा बाकी उरलेला आकडा बाजूला लिहून ठेवतो. इथं बाकी उरलेला आकडा म्हणजे कुणाचे तरी वडील होते.

एप्रिल १९२८ मध्ये गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे असे वेगवेगळ्या विचारांचे पुढारी संप समितीत एकत्र बसले. याच संपात गिरणी कामगार युनियन जन्माला आली. पगार नाही, वाण्याची उधारी वाढलेली. कितीतरी कुटुंबं गावी परतली. तरी संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने टिकला. इथं हातोडा नव्हता. यंत्राला धक्का न लावता नुसते हात बाजूला घेतले, की यंत्र आपोआप थांबतं, हे कामगारांना कळलं होतं.

संप मिटला तेव्हा न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिनं मालकांची योजना पूर्णपणे नाकारली नाही. १९२९ मध्ये पुन्हा मोठा संप झाला, पण तो मोडला.

या लढ्यातली एक बाजू मात्र विसरता कामा नये. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, पण दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. त्याच धोट्याला ‘त्यांचं’ तोंड लागलेलं इतर कामगारांना चालत नसे! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं लावून धरला. स्वतःवर अन्याय होतो म्हणून उठलेली माणसं शेजारच्यावरचा अन्याय पाहतात की नाही, ही त्या संपातली मोठी परीक्षा होती. पुढं स्वयंचलित माग आले, त्यांत तोंडानं सूत ओढायची गरजच उरली नाही. माणसाच्या छातीत तंतू आणि धूळ नेणारी ती रीत यंत्रानं संपवली. यंत्राला सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही, ते असं.

मागाचा पणतू : संगणक

कापडाच्या मागाचा आणि संगणकाचा काही संबंध असेल, असं वाटतं का तुम्हाला? आहे! फ्रान्समध्ये जाकार्ड नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास एक माग तयार केला. कापडावर कोणती नक्षी विणायची, हे त्या मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कळे. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी ही भोकांच्या पुठ्ठ्यांचीच कल्पना उचलली. १८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवरून माणसं मोजली. आणि सुरुवातीचे कितीतरी संगणकही अशाच कार्डांवर चालत.

म्हणून १९६०च्या दशकात भारतात जे घडलं, ती जुन्या गोष्टीचीच पुढची पिढी होती. आयुर्विमा महामंडळानं, म्हणजे आपल्या एलआयसीनं, मोठे संगणक आणायचं ठरवलं. देशात बेकारी होती. एका कारकुनाच्या पगारावर आठ-आठ माणसं जेवत. कर्मचारी म्हणाले, ‘हे यंत्र आमची जागा घेईल.’ कलकत्त्यात तर संगणक आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी ‘इलाको हाउस’ या इमारतीवर पहारे बसवले! हा प्रश्न इतका पेटला, की १९६९ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला.

बँकांतही हीच धुसफूस होती. तिथं वाट निघाली ती चर्चेतून. सप्टेंबर १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कोणत्या कामाला यंत्र आणायचं, कुठं आणायचं, हे कागदावर ठरलं आणि दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. १९९३ मध्ये पुन्हा करार झाला आणि यंत्रांची वाट रुंद झाली. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं.

मग कारकुनांची भीती खरी ठरली का? खातेवह्या भरणाऱ्यांना कुणी रातोरात रस्त्यावर काढलं नाही. उलट संगणकामुळं देशात नव्या प्रकारच्या लाखो नोकऱ्या निर्माण झाल्या. पण २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे एक लाख लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर तितकी नवी माणसं बसली नाहीत. ज्यांची नोकरी होती त्यांची टिकली, पण जी पुढच्याला मिळायची ती मिळाली नाही. ही गोष्ट कुठल्या संपात दिसत नाही, कारण न मिळालेल्या नोकरीसाठी संप कोण करणार?

एका पेटीची किंमत

एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेच्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज निघालं. त्यावर ५८ मोठ्या पेट्या होत्या. हेच आजचे कंटेनर. तोवर पोती, खोकी, पिंपं माणसं उचलून जहाजात रचत. एकेक जहाज भरायला कित्येक दिवस जात. आता क्रेननं पेटी उचलली, ठेवली, झालं!

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा पुढारी होता हॅरी ब्रिजेस. मोठा लढवय्या. सगळ्यांना वाटलं, हा आता संप पुकारणार. पण त्यानं हिशेब मांडला, ‘पेटी काही थांबत नाही. मग तिच्यामुळं जो पैसा वाचणार आहे, त्यातला आमचा वाटा कुठाय?’ १९६० मध्ये करार झाला. मालकांनी हवी ती यंत्रं आणावीत. बदल्यात नोंदलेल्या एकाही कामगाराला यंत्रामुळं काढायचं नाही, आणि लवकर निवृत्त होणाऱ्याला पैसे द्यायचे. त्यासाठी मालकांनी दर वर्षी ५० लाख डॉलर बाजूला काढायचे.

दोनशे वर्षांतली ही शहाणपणाची सही म्हणायला हवी. तरी तिलाही एक भोक होतं. करारानं सांभाळलं ते पूर्ण सभासद असलेल्यांना. अधूनमधून कामाला येणाऱ्या बदली माणसांना तेवढं संरक्षण नव्हतं.

आज काय चाललंय?

आजचं यंत्र लोखंडाचं नाही. ते लिहितं, चित्र काढतं, माणसाच्या आवाजात बोलतं. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेतले सुमारे साडेअकरा हजार सिनेमा-मालिका लेखक संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत पगारासोबत ही एक होती, की गोष्ट लिहायचं काम यंत्राला देऊन आमची किंमत कमी करू नका. १४८ दिवसांनी संप मिटला. करारात काय ठरलं? यंत्राला लेखक म्हणून मान द्यायचा नाही. लेखकावर ते वापरायची सक्ती करायची नाही. पण लेखकाला हवं असेल आणि कंपनीची हरकत नसेल, तर तो ते वापरू शकतो. म्हणजे यंत्राला बंदी नाही. ते कोण, कसं वापरणार, हे ठरवण्यात लेखकाचा शब्द असणार. त्याच वर्षी नटनट्यांनीही संप केला. आमच्या चेहऱ्याची आणि आवाजाची हुबेहूब नक्कल करायची तर आमची परवानगी घ्या आणि मोबदला द्या, हे त्यांनी मान्य करून घेतलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवरचे सुमारे ४५ हजार गोदी कामगार तीन दिवस संपावर होते. पगारवाढ लगेच ठरली. स्वयंचलित यंत्रांचा प्रश्न मात्र सुटायला जानेवारी २०२५ उजाडला.

नॉटिंगहॅमच्या त्या कारागिरांना हे पाहून नवल वाटलं असतं. जे बोलायला त्यांना बंदी होती, ते आज टेबलाशी बसून बोलता येतं. हा हक्क असाच मिळालेला नाही. त्याच्यामागं फासावर गेलेले आहेत आणि सहा महिने अर्धपोटी राहिलेली गिरणगावातली घरंही आहेत.

पण एक प्रश्न राहतोच. टेबलाशी जो बसतो, करार त्याचा होतो. बदली कामगार, घरून काम करणारी बाई, आणि अजून शाळेत असलेली तुम्ही मुलं, यांची खुर्ची त्या टेबलाशी कुठं आहे?

या रविवारी एक उद्योग करा. घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांना विचारा, ‘तुमच्या कामात कोणतं यंत्र आलं? ते आलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? त्यानं वाचलेला वेळ आणि पैसा कुणाकडं गेला?’ कुणी टायपिस्ट असेल, कुणी छापखान्यात खिळे जुळवणारं असेल, कुणी गिरणीत साचे सांभाळलेलं असेल. उत्तरं वहीत लिहून ठेवा. आईबाबांनीही त्यांची उत्तरं द्यावीत. आणखी दहा-बारा वर्षांनी तुमच्या कामाच्या टेबलावर एखादं नवं यंत्र येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायचे, ते या वहीत सापडतील.